लेखणी विद्यार्थ्याच्याच हाती राहावी

छत्तीस तंत्रयुक्ती मुखोद्गत असलेल्या विद्यार्थ्यास आपल्याच दहा रुग्णांचा वृत्तांत दोन पानांत सुसंगतपणे लिहिता येऊ नये, ही विसंगती आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. तंत्रयुक्ती म्हणजे ग्रंथरचनेचे शास्त्र. अधिकरण कसे निश्चित करावे, पूर्वपक्ष कसा मांडावा, संशय कोठे नोंदवावा व निर्णय कोठे द्यावा, याची ही पद्धत चरकाच्या सिद्धिस्थानात आली आहे. सुश्रुताच्या उत्तरतंत्रात हीच संख्या बत्तीस आहे. परीक्षेत या विषयावर प्रश्न येतो, विद्यार्थी नावे क्रमाने उतरवतो, गुण मिळवतो आणि पुढे प्रबंध लिहिण्याची वेळ आली की शहरातील टंकलेखनाच्या दुकानात चौकशी करू लागतो. तेथे प्रबंधाचा साचा तयार मिळतो. संख्याशास्त्राचे कोष्टक करून देणारा गृहस्थ वेगळा, त्याचा दर वेगळा. विद्यार्थी रुग्णांचे आकडे देतो आणि दोन दिवसांनी ‘पी व्हॅल्यू’ घेऊन येतो. ती कशी आली आणि तिचा अर्थ काय, हे त्यास ठाऊक नसते. या व्यवहाराविषयी आपण चारचौघांत बोलत नाही. बोलावयास हवे.

दोष केवळ विद्यार्थ्यांचा नाही. २०२१ पासून लागू झालेल्या पदवी अभ्यासक्रमात संशोधनपद्धती व वैद्यकीय संख्याशास्त्र हा स्वतंत्र विषय तृतीय व्यावसायिक वर्षास आहे. केंद्रीय आयुर्वेदीय विज्ञान संशोधन परिषदेने २०२२ साली ‘स्पार्क’ नावाची शिष्यवृत्ती पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी सुरू केली. योजनांची वाण आहे असे म्हणता येणार नाही. परंतु लेखन आणि गणन या दोन्ही गोष्टी व्याख्यानाने येत नाहीत. पोहण्यावरील व्याख्यान ऐकून कोणी कयाधू ओलांडत नाही. या विद्या हाताने करावयाच्या, चुकावयाच्या, कोणीतरी शेजारी बसून चूक दाखवावयाची आणि पुन्हा करावयाच्या आहेत. साठ विद्यार्थ्यांच्या वर्गात एका अध्यापकास प्रत्येकाच्या शेजारी बसणे शक्य नाही. मग शेजारी बसणार कोण? आमचे उत्तर असे की, एक-दोन वर्षे पुढे असलेला सहाध्यायी. आणि त्याच्यासाठी जागा, वेळ व कामाचे साहित्य उपलब्ध करून देणे हे आपल्यासारख्या व्यावसायिकांच्या संघटनेचे काम आहे, असे आमचे मत आहे.

हिंगोलीसारख्या जिल्ह्यात हा प्रश्न अधिक तीव्र का, ते सांगतो. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हा पाच तालुक्यांचा जिल्हा. येथील बी.ए.एम.एस. पदवीधर आज केवळ दवाखाना थाटून बसत नाही. कोणी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम पूर्ण करून सामुदायिक आरोग्य अधिकारी म्हणून उपकेंद्रावर जातो, कोणी प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी होतो, तर कोणी सार्वजनिक आरोग्य या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेतो. सेनगाव किंवा कळमनुरी तालुक्यातील उपकेंद्रावर बसलेल्या अशा आपल्या बांधवाने पावसाळ्यात अतिसाराचे रुग्ण वाढल्याचे पाहिले, तर त्याने ते कोणत्या शब्दांत व कोणत्या आकड्यांनी वरिष्ठांस कळवावे? ‘रुग्ण फार वाढले आहेत’ या वाक्याने टाकीतील पाण्याची तपासणी होत नाही. ‘या वाडीत इतकी घरे, त्यांपैकी इतक्या घरांत, इतक्या दिवसांत, इतके रुग्ण, शेजारच्या वाडीत इतकेच’ एवढे लिहिले तर होते. वायू, उदक, देश व काळ यांच्या विकृतीने सबंध जनपद कसे रोगग्रस्त होते, हे आपण विमानस्थानात वाचलेले असते. उपकेंद्रावर त्याच उदकाची विकृती घरे मोजून दाखवावी लागते.

मोजून लिहिल्याने काय घडते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत नवजात बालकांना घरीच उपचार दिले आणि तुलनेसाठी ४७ गावांतील जन्म-मृत्यूंची नोंद ठेवली. नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचा त्यांचा निबंध १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. २०११ साली केंद्र सरकारने घरी नवजात बालकाची काळजी घेण्याचा कार्यक्रम देशभर हाती घेतला. गावातल्या बाईने केलेली नोंद आणि निबंधातील वाक्य यांच्यामध्ये कोठेही गाळलेली जागा नव्हती, म्हणूनच तो निबंध टिकला.

आणि हळद तर आपल्या अंगणातील. वसमतच्या हळदीस २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, याचा आपणा सर्वांस सार्थ अभिमान आहे. जखमेवर हळद लावण्याच्या उपयोगावर अमेरिकेत १९९५ साली मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातील दोघा संशोधकांना एकस्व दिले गेले होते. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली त्यास आव्हान दिले व १९९७ साली ते रद्द ठरले. वसमतच्या प्रत्येक आजीस हा उपयोग ठाऊक होता, परंतु आजीची साक्ष तेथे चालणारी नव्हती. पुढे ठेवावे लागले ते लिखित व मुद्रित पुरावे. प्राचीन ग्रंथांतील उल्लेख आणि १९५३ साली भारतीय वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात छापलेला एक निबंध. चव्वेचाळीस वर्षांपूर्वी कोणीतरी नीट लिहून ठेवले होते, ते असे कामास आले. आज आपल्या दवाखान्यांत जे घडते, त्यातील किती लिहिले जाते?

आता सहाध्यायांकडे वळतो. ही कल्पना परदेशातून आणावी लागत नाही. अग्निवेश, भेल, जतूकर्ण, पराशर, हारीत व क्षारपाणी हे सहा जण एकाच गुरूपुढे बसले, प्रत्येकाने स्वतःचे तंत्र रचले आणि ते ऋषींच्या सभेपुढे वाचून दाखविले, असे सूत्रस्थानाच्या प्रारंभीच आले आहे. एकाने लिहिले व पाच जणांनी नक्कल केली, असे घडले नाही. विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात तर तद्विद्यसंभाषेचे सविस्तर विवेचन आहे. संभाषा दोन प्रकारची, संधाय व विगृह्य. संधाय संभाषेत समोरची व्यक्ती ज्ञानी असावी, कोपिष्ट नसावी, मत्सरी नसावी, समजावून सांगण्यास समर्थ असावी. तिच्याशी निःशंकपणे बोलावे, विचारावे, आपलेही मत स्पष्ट सांगावे आणि तिचा पराभव झाल्यास त्याची बढाई इतरत्र मारू नये, अशा आशयाचे मार्गदर्शन तेथे आहे. सहाध्यायी मार्गदर्शकांसाठी नियमावली करावयाची झाल्यास यात भर घालण्यासारखे फारसे काही आम्हांस सुचत नाही. दुर्दैवाने आपल्या परिषदांत आणि मौखिक परीक्षांत विगृह्य संभाषाच अधिक रंगते!

पाश्चात्त्यांनी ही पद्धत आपल्याकडूनच उचलली, हेही नमूद करण्यासारखे आहे. मद्रासच्या मुलांच्या अनाथालयाचे प्रमुख अँड्र्यू बेल यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस देशी शाळेतील मुले वाळूवर बोटाने अक्षरे गिरवताना पाहिली. आपल्याकडे पंतोजींच्या शाळेत जी धूळपाटी असे, तीच ही रीत. बेल यांच्या शिक्षकांनी ती स्वीकारण्यास नकार दिला, तेव्हा त्यांनी एका आठ वर्षांच्या मुलाकडूनच लहान मुलांना शिकवून घेतले. १७९७ साली त्यांनी हा प्रयोग पुस्तकरूपाने मांडला आणि ‘मद्रास पद्धती’ इंग्लंडभर पसरली. पुढे लँकास्टर यांच्या नावाने तीच पद्धत मुंबई इलाख्यातील नव्या शाळांत परत आली. अलीकडच्या काळात, १९७० साली न्यूयॉर्कच्या नागरी विद्यापीठाने सर्वांना मुक्त प्रवेश दिला, तेव्हा लेखनात कच्चे असलेले विद्यार्थी मोठ्या संख्येने आले. ब्रुकलिन महाविद्यालयातील अध्यापक केनेथ ब्रफी यांच्या लक्षात आले की, अध्यापकांनी देऊ केलेली मदत घेण्यास ही मुले येतच नाहीत. ती त्यांना वर्गाचेच शेपूट वाटते. मात्र आपल्यासारख्याच विद्यार्थ्याकडे ती जातात. जो शिकवीत होता त्याचेही लेखन सुधारले, हा त्यांचा दुसरा अनुभव. शिकविल्याने विद्या दृढ होते, हे आपणांस वेगळे सांगणे नको.

प्रत्यक्ष बैठक कशी असावी? दोघांनी शेजारी बसावे, समोरासमोर नव्हे. विद्यार्थ्याने आपले लेखन मोठ्याने वाचावे. मार्गदर्शकाने आपणांस जे समजले ते आपल्या शब्दांत परत सांगावे, एवढेच. ‘मला असे म्हणावयाचे नव्हते’ असे विद्यार्थी म्हणाला की तेथेच खरी शिकवण सुरू झाली. लेखणी मात्र विद्यार्थ्याच्याच हाती राहावी. मार्गदर्शकाने ती हाती घेऊन वाक्य दुरुस्त केले की दुकानातील टंकलेखकात आणि त्याच्यात फरक एवढाच उरतो की, हा पैसे घेत नाही.

भाषेविषयी थोडे स्पष्ट बोलतो. औंढा किंवा सेनगाव भागातील मुलगी घरी मराठी बोलते, संहिता संस्कृतात वाचते आणि प्रबंध इंग्रजीत लिहिते. तीन भाषांच्या या प्रवासात विचार कोठेतरी सांडतो. आमचा आग्रह असा की, पहिला खर्डा मराठीतच असावा. रुग्ण कोण होते, त्यांना काय दिले, काय पाहिले, काय आढळले आणि काय कळले नाही, अशी पाच साधी वाक्ये. ती जमली की इंग्रजीचे काम अर्धे उरते. सहाध्यायी येथे अध्यापकाहून सरस ठरतो, कारण हीच अडचण त्याने गेल्या वर्षी स्वतः भोगलेली असते आणि ती त्यास हास्यास्पद वाटत नाही.

संख्याशास्त्राचेही तसेच. प्रारंभ संगणकाने करू नये, कागदावर रेघा मारून करावा. समजा, आमवाताच्या ४० रुग्णांना सिंहनाद गुग्गुळ दिला. तिसऱ्या आठवड्यास त्यांपैकी २५ परत आले आणि २० जणांना उपशय मिळाला. निबंधात बहुधा लिहिले जाते, ‘८० टक्के रुग्णांत लाभ’. न आलेले १५ कोठे गेले? कोणास बरे वाटले म्हणून आला नसेल, कोणी नांदेडला दुसऱ्या डॉक्टरांकडे गेला असेल, कोणाच्या पोटात जळजळ झाली असेल. त्यांना छेदात धरले तर लाभ ५० टक्केच दिसतो. ८० आणि ५० यांपैकी खरा आकडा कोणता, हा वाद नंतरचा. दोन्ही आकडे लिहिणे आणि १५ जण आले नाहीत हे सांगणे, हे आधीचे. एवढी एक गोष्ट जरी विद्यार्थ्याने एका बैठकीत आत्मसात केली, तरी ती बैठक सत्कारणी लागली.

या जातीच्या चुकीवर आपल्याच एका माणसाने आयुष्यातील मोठा वाद घातला आहे. डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे, जन्म १९११, सातारा जिल्ह्यातील बुध गावचे. लंडनहून संख्याशास्त्राची पीएच.डी. घेऊन परतल्यावर काही काळ ते कलकत्त्याच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेत हाच विषय शिकवीत होते. पुढे पीक-उत्पादनाचे अंदाज बांधण्यासाठी शेतातील किती मोठा तुकडा कापून मोजावा, यावर प्रा. महालनोबिस आणि त्यांचे मतभेद झाले. सुखात्मे यांचे म्हणणे असे की, तुकडा फार लहान घेतला तर त्याच्या कडेवरची रोपे कापणाराच्या हातून आत धरली जातात, आणि उत्पन्न वास्तवाहून अधिक दिसते. लबाडी कोणाचीच नसते, तरी आकडा फुगतो. दवाखान्यातही कडेवरचा बरा झालेला रुग्ण आपण सहजच आत ओढतो. शेतकऱ्यांच्या घरांतून आलेल्या आपल्या विद्यार्थ्यांना हे उदाहरण एका वाक्यात कळते, तेथे इंग्रजी पाठ्यपुस्तकातील नाण्यांचा आणि पत्त्यांचा हिशेब कळावयास तास लागतो.

‘पी व्हॅल्यू’चा अर्थही असाच साधेपणाने सांगता येतो: औषधाचा काहीही परिणाम नसता, तरी एवढा किंवा याहून मोठा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता. ती कमी आली म्हणजे औषध सिद्ध झाले, असे नव्हे. आणि रुग्णास त्या फरकाचा उपयोग झाला की नाही, हे तर ती सांगतच नाही. (औंढा तालुक्यात दुधाळा परिसरात ‘लायगो-इंडिया’ची वेधशाळा उभारण्यास केंद्राने २०२३ साली मान्यता दिली. प्रोटॉनच्या व्यासाच्या सहस्रांशाहूनही सूक्ष्म हालचाल तेथे मोजली जावयाची आहे. त्याच तालुक्यातील आम्ही वैद्य दिवसभरात किती रुग्ण पाहिले ते संध्याकाळी अंदाजाने सांगतो.)

ज्येष्ठांचा एक आक्षेप आम्ही आदराने ऐकला आहे. प्रत्येक पुरुष वेगळा, त्याची प्रकृती वेगळी, तेव्हा सरासरी काढून काय साधणार? आक्षेप निराधार नाही. पण संख्याशास्त्र म्हणजे केवळ सरासरी, ही समजूत अपुरी आहे. याच सुखात्मे यांनी पुढे आहाराच्या प्रश्नावर काम करताना, एकाच निरोगी व्यक्तीची ऊर्जेची गरजही दिवसागणिक बदलते व शरीर ती आपल्या मर्यादेत सावरून घेते, असा विचार शेल्डन मार्जेन यांच्यासह १९८२ साली मांडला. त्यावर पुष्कळ टीका झाली. तथापि व्यक्तीव्यक्तीतील आणि एकाच व्यक्तीतील भेद हा संख्याशास्त्राचा गाभ्याचा विषय आहे, हे त्यावरून स्पष्ट व्हावे. प्रकृतिभेदाने औषधाचा गुण बदलतो असे आपण म्हणतो. ते दाखवावयाचे झाल्यास मोजण्यावाचून दुसरा मार्ग नाही.

दुसरा आक्षेप व्यावहारिक आहे. आंधळ्याने आंधळ्यास वाट दाखविली तर दोघेही खड्ड्यात पडावयाचे. म्हणूनच मार्गदर्शक निवडताना त्याने किमान एक अभ्यास स्वतः आरंभापासून शेवटपर्यंत लिहिलेला असावा, ही अट हवी. महिन्यातून एकदा संख्याशास्त्र जाणणाऱ्या अध्यापकाने बैठकीतील अडलेले प्रश्न पाहावेत. २०२४ साली हिंगोलीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. तेथील सामुदायिक आरोग्य विषयाच्या अध्यापकांना विनंती करण्यास आपण संकोचू नये. पॅथीचा अभिमान छेद आणि अंश यांच्या आड येण्याचे कारण नाही. तसेच मात्रा, अनुपान आणि रुग्णाची संमती यांविषयीचे निर्णय सहाध्यायाकडे मुळीच नसावेत. ते गुरुजनांचे.

फार्मसीधारक बांधवांना यात आपला काय संबंध असे वाटत असेल, तर त्यांनी औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांतील २०१० साली आलेला नियम १५८-बी पुन्हा एकदा डोळ्यांखालून घालावा. प्रोप्रायटरी औषधाच्या परवान्यासाठी सुरक्षितता व परिणामकारकता यांचा कोणता पुरावा द्यावा, त्यात प्रकाशित साहित्य कोठे व पथदर्शी अभ्यास कोठे लागतो, हे तेथे सांगितले आहे. असा अभ्यास करू शकणारी, म्हणजे रुग्णाची नोंद, बॅच क्रमांक, लाभ व उपद्रव हे सारे सलग लिहू शकणारी तरुण मंडळी जिल्ह्यात नसतील, तर प्रत्येक वेळी बाहेरच्या संस्थेस मोठी रक्कम मोजावी लागेल, आणि अहवाल आला तरी तो वाचून त्यातील उणीव ओळखणारा आपल्याकडे कोणी नसेल. मात्र एक पथ्य पाळावे लागेल. विद्यार्थ्यांच्या बैठकीस साहाय्य करणाऱ्या निर्मात्याने आपल्याच उत्पादनाचा अभ्यास तेथे लिहून घेऊ नये. ज्याचे मीठ खावे त्याच्या औषधाचा दोष लिहिणे नवशिक्यास जड जाते.

प्रारंभासाठी फार काही लागत नाही. एका तालुक्याच्या ठिकाणी, शक्यतो वसमत येथे, पंधरवड्यातून एका रविवारी दोन तासांसाठी एक खोली, एक फळा आणि चार मार्गदर्शक पुरेत. आंतरवासिता करणारे व पदव्युत्तर शिक्षण घेणारे विद्यार्थी सुटीत गावी येतातच. खरी अडचण कामाच्या साहित्याची आहे. अभ्यासासाठी खरे रुग्णपत्रक लागते, आणि ते आपल्या कपाटात आहे. ज्या वैद्यबंधू-भगिनींनी गेल्या वर्षाचे केसपेपर जपून ठेवले असतील, त्यांनी रुग्णाचे नाव, गाव व दूरध्वनी क्रमांक झाकून त्यांच्या प्रती काढाव्यात आणि संघटनेच्या पुढील बैठकीपूर्वी त्या आपापल्या तालुका प्रतिनिधींकडे पोहोचत्या कराव्यात. पंचवीस पत्रके झाली तरी पहिल्या तीन बैठका निघतील. ज्यांच्या पत्रकांवर केवळ औषधांची नावे आहेत व लक्षणे नाहीत, त्यांनीही ती निःसंकोच पाठवावीत. पहिल्या बैठकीस तीच अधिक उपयोगी पडतील.